काटा वर आला

पहाटे साडेचारला तिचा दिवस सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती. पाचपासून न्हाणीघर भावाच्या घरच्यांचं आणि त्याआधीचा अर्धा तास तिचा, ही वाटणी कधी कुणी तोंडाने केली नव्हती, पण ती पक्की होती. भाऊ वाईट नव्हता. भावजयही वाईट नव्हती. घरात काही गोडधोड झालं की वाटीभर मागच्या खोलीत यायचं. थोड्या वेळाने वाटी न्यायला भावाचं धाकटं यायचं. "आत्या, वाटी," एवढं म्हणायचं आणि दारात उभं राहायचं. ती वाटी धुऊन द्यायची. दिवसातलं घरचं बोलणं कधीकधी तेवढंच असायचं.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक खिडकी. दाराशेजारी भिंतीवर ताटलीएवढं, पितळी कडेचं बॅरोमीटर. भंगारवाल्याकडून आणलेलं, पण काटा चोख. आंघोळ झाली की ती काचेवर नखाने टिचकी मारायची. काटा हलला तर हललेला, नाही हलला तर होता तोच आकडा मनात घोळवत चहा करायची. हवेचा भार कमी झाला की काटा खाली येतो, आणि तो फार खाली आला की समुद्राकडून काहीतरी येतंय असं समजायचं. शास्त्र तेवढंच. बाकी सगळी चिकाटी.

काम ताडपत्रीच्या कारखान्यात. तीसएक वर्षं तिथेच. ताडपत्री शिवणं हे कापड शिवण्यासारखं नसतं. कापड हाताने ओढता येतं. ताडपत्री हाताने ओढली की दुपारपर्यंत बोटं जातात. ती कमरेने ओढायची, पाय घट्ट रोवून. कडेची पट्टी मुडपायची, आत दोरी घालायची, वरून शिवण मारायची, मग रिंगा ठोकायच्या. मशीन जिथे पोचत नाही ते कोपरे दाभणाने, तळव्याला चामडं बांधून. टाका घालताना जोर अंगठ्यात नको, मनगटात हवा. हे तिला कुणी शिकवलं नाही. अंगठा सुजून टम्म झाला तेव्हा अंगठ्यानेच शिकवलं. तिचे कोपरे कधी उसवले नाहीत. म्हणून सगळे तिला दाभणबाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाच्या तोंडी यायचं.

तो अंगठा घेऊन ती दवाखान्यात गेली होती, तिथेच हे हवेचं वेड लागलं. कंपाउंडरने पट्टी बांधली. त्याच्या डोक्यामागे एक तबकडी टांगलेली होती.

"तुमचं घड्याळ बंद पडलंय," ती म्हणाली.

"बंद नाही पडलं. बाकीची घड्याळं झालेलं सांगतात, हे होणारं सांगतं," कंपाउंडर म्हणाला. मग रांगेतल्या खोकणाऱ्या माणसांना तसंच खोकत ठेवून त्याने तिला सगळं समजावलं. किती तरी दिवसांनी कुणीतरी तिच्याशी इतकं सलग बोललं होतं.

पुढे दवाखाना बंद झाला, कंपाउंडर घरी बसला, पण तबकडी त्याच्याबरोबर गेली. किनाऱ्यावरची त्याच्यासारखी आणखी दोनचार वेडी माणसं त्याने शोधून काढली. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला तो सगळ्यांना एका फोनवर जोडायचा. नियम त्यानेच घालून दिलेला. "आकडा सांगा, वारा सांगा, ढग सांगा. दुखणी आणि सुना बाहेर ठेवा."

आता चौघं उरले होते. कंपाउंडर स्वतः, जो सगळ्यांचे आकडे नकाशावर मांडायचा. टाकीवाला, म्हणजे पाण्याच्या टाकीवर झडपा फिरवणारा माणूस, ज्याला थट्टेवाचून बोलताच यायचं नाही. ती. आणि टोकावरचे अण्णा.

जमिनीची एक चिंचोळी जीभ समुद्रात शिरलेली होती, तिच्या अगदी टोकाला जुना निशाणमनोरा होता. पूर्वी तिथून जहाजांना बावटे दाखवायचे. अण्णा तिथले शेवटचे बावटेवाले. काम संपलं तरी खालची खोली त्यांच्याकडे राहिली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं बॅरोमीटर मनोऱ्याच्या माथ्यावरच्या खोलीत असायचं आणि अण्णा दिवसातून दोनदा तो जिना चढून तिथूनच फोनवर बोलायचे.

उंचावर हवेचा भार कमी भरतो. त्यामुळे माथ्यावरचा काटा जमिनीवरच्या काट्यापेक्षा नेहमी तीन घरं खाली असायचा. कंपाउंडर अण्णांच्या आकड्यात तीन मिळवायचा आणि मगच नकाशावर मांडायचा. इतकी वर्षं मिळवत होता की आपण मिळवतो हे त्याच्याही ध्यानात उरलं नव्हतं.

दाभणबाईने अण्णांना कधी पाहिलेलं नव्हतं. तिला त्यांचा दम ओळखीचा होता. फोन लागला की आधी नुसता श्वास यायचा, मग अर्धा शब्द, मग पुन्हा श्वास. कंपाउंडर म्हणायचा, "अण्णा, आधी दम घ्या, मग बोला." टाकीवाला म्हणायचा, "घ्या घ्या, वादळ थांबलंय तुमच्यासाठी." ती काहीच म्हणायची नाही. ती त्या श्वासावरून आज अण्णा जिन्यात कुठे बसले असतील, किती वेळा थांबले असतील, याचा अंदाज बांधत बसायची. हा तिचा दिवसातला सगळ्यात जवळचा माणूस होता, आणि तिला त्याचा चेहरा ठाऊक नव्हता.

त्या आठवड्यात रेडिओवर वादळ आलं. लांब समुद्रात फिरतंय, इकडे तोंड आहे, असं हवामान खात्याचं म्हणणं. कारखान्यात ऑर्डरींचा पूर लोटला. ज्याच्या डोक्यावर छप्पर होतं त्याला छपरावर टाकायला ताडपत्री हवी होती. मालकाने वाढीव मजुरी लावली आणि डबा खायची सुट्टी कमी केली.

वादळ थडकणार म्हणत होते त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचे काटे खाली आले होते, एक सोडून. अण्णांचा वर गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच.

"अण्णा, पुन्हा बघा," कंपाउंडर म्हणाला.

"बघितला. टिचकी मारून बघितला. काल दुपारपासून चांगला वर आलाय."

"रेडिओ तर म्हणतो, आज रात्री इथेच थडकणार."

"रेडिओला काय जातंय म्हणायला," टाकीवाला म्हणाला. "वादळाला आपला पत्ता सापडला नसेल. आमच्या पाहुण्यांनाही सापडत नाही. दाभणबाई, तुमचा का पडलाय एवढा? गंजला असेल. तेल घाला, तेल."

"माझा ठीक आहे," ती म्हणाली. "तुमचाही पडलाय की."

"माझं काय, मी पाण्यातला माणूस."

कंपाउंडर नकाशावर वाकला असावा. कागद खरखरला. "समुद्राच्या तोंडावर अण्णा आहेत. येणार असतं तर सगळ्यात आधी त्यांचा काटा पडला असता. आणि त्यांचाच सगळ्यात वर आहे. म्हणजे वळलं. आपल्याला नुसता पदर लागून जाईल."

"मी तेच म्हटलं," अण्णा म्हणाले. "आत्ता पहाटे नगरपालिकेची गाडी आली होती न्यायला. टोकावरचे सगळे गेले. मी परत पाठवली. म्हटलं, मला माझ्या काट्याने सांगितलंय."

ती मजेत कामाला निघाली. वारा होता, पण उगाच वळवळणारा. रस्त्यात तिच्या मनात आलं, अण्णांची तब्येत सुधारली बहुतेक. आज किती छान बोलले. एका दमात बोलले.

दुपार व्हायच्या आधी हमाल गठ्ठा घेऊन माळ्यावर गेला. शिडी चढून गठ्ठा टाकून उतरला आणि तिच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. काहीतरी विचारायचं होतं त्याला. "बाई... ते गोदामाचं... मोठं..."

"आधी दम घे, मग बोल," ती म्हणाली.

आणि तिचं मशीन थांबलं.

हमाल तिच्या निम्म्या वयाचा. धट्टाकट्टा. एक शिडी चढून त्याचा श्वास सापडत नव्हता. आणि अण्णा? त्या वयात गेलेला दम परत येत नाही. आठवडाभरात तर नाहीच नाही. दम लागत नाही म्हणजे माणूस चढत नाही. बास. यात दुसरं काही असूच शकत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काल संध्याकाळी आणि आज सकाळी कंपाउंडर "दम घ्या" म्हणाला नव्हता, आणि ते चौघांपैकी एकाच्याही कानाला खटकलं नव्हतं.

ती मागच्या दारी गेली आणि तिने अण्णांना फोन लावला. सातच्या वेळेव्यतिरिक्त तिने त्यांना कधी फोन केला नव्हता. त्यांनाही ते चमत्कारिक वाटलं असणार.

"कोण? दाभणबाई? सात वाजले का?"

"नाही वाजले. अण्णा, एक विचारू? तुम्ही सकाळी कुठे बसून बोलत होता?"

"म्हणजे?"

"वर होता की खाली?"

पलीकडे लाटांचा आवाज. फार जवळचा आवाज.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्हाला दम लागला नव्हता."

अण्णा हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं. "गुडघा गेला हो. काल सकाळी आकडा सांगून उतरताना जिन्यातच बसलो. उठता येईना. दुपारी पोस्टाचा पोऱ्या आला, त्याच्याकडून बॅरोमीटर काढून खाली आणवलं. खाटेसमोर लावलंय. पडल्यापडल्या दिसतं."

"सांगितलं का नाही?"

"दुखणी बाहेर ठेवायची ना? आणि माझं काय उरलंय सांगा. टोकावरचा म्हणून, उंचावरचा म्हणून तुम्ही मला धरून आहात. खाटेवरचा आकडा घेऊन तुम्ही काय करणार?"

"खाली लावलं तेव्हा काटा वर गेला का?"

"गेला की. बघता बघता गेला. मी म्हटलं, चला, बरं झालं, वळलं."

"अण्णा," ती म्हणाली, "काटा वर आला नाही. तुम्ही खाली आलात."

बावटेवाला माणूस होता तो. उंची, भार, सगळं त्याला तिच्याहून जास्त कळत होतं. पण आकडा वाचायचं काम त्याचं आणि तीन मिळवायचं काम कंपाउंडरचं, असं इतकी वर्षं चाललं होतं. आणि खाटेवर पडून समोरचा काटा वर चढलेला दिसला की कुठला माणूस त्याला कारण विचारतो?

"तीन," अण्णा शेवटी म्हणाले. "आणि वर कंपाउंडरचे तीन."

"हो."

"म्हणजे येतंय."

"तुम्हाला वर चढता येईल का? ओढत, बसत बसत?"

"नाही."

"आणि पाणी आलं तर खालच्या खोलीत येईल."

"खालीच येणार. वर कशाला जाईल ते?"

थट्टा करायची सवय त्यांनी टाकीवाल्याकडून उचलली होती. तिला हसू आलं नाही. तिने कंपाउंडरला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. "मी मिळवले," तो म्हणाला. "कालही मिळवले. आजही मिळवले." मग त्याने नगरपालिकेला फोन करतो म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने त्याचाच परत फोन आला. गाड्या गावाच्या दुसऱ्या बाजूला गेल्यात. बघतो म्हणाले. टोकाचा रस्ता संध्याकाळच्या भरतीला पाण्याखाली जातो, वादळ असलं तर त्याच्याही आधी. ते बघेपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

दारात कारखान्याचा टेम्पो उभा होता. टेम्पोवाला टपावर बसून दोऱ्या आवळत होता.

"टोकावर जायचंय. एका म्हाताऱ्या माणसाला आणायचंय."

"आज? दाभणबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? तिकडून लोक इकडे येतायत."

"म्हणून तर."

"तुमचे कोण लागतात?"

"अण्णा," ती म्हणाली.

टेम्पोवाल्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाव सांगितला. दोघांनाही ठाऊक होतं की आजचा भाव आजचाच असणार. तिने घासाघीस केली नाही. मालकच आडवा आला.

"टेम्पो गोदामाला जायचाय. मोठी ताडपत्री तयार आहे का?"

"कोपरे राहिलेत."

"मग? कोपरे तुमच्याशिवाय कोण घालणार? वारा कोपऱ्यालाच धरतो. तुम्ही गेलात तर गोदाम उघडं. गोदाम उघडं राहिलं तर पुढच्या वर्षी आपण सगळे मोकळे."

यात खोटं काही नव्हतं. ते गोदाम धान्याचं होतं. तिने एका क्षणात हिशेब केला. टेम्पोत पुढे दोनच जागा. टेम्पोवाला लागणार. अण्णांना उचलायला हमाल लागणार, ते तिच्याच्याने व्हायचं नाही. ती गेली तर मागे ओझं म्हणून जाणार.

"टेम्पो आधी टोकावर जाऊ दे," ती म्हणाली. "तो येईपर्यंत कोपरे होतात. भाडं माझ्या मजुरीतून कापा."

मालकाने मान हलवली. तिने मागच्या हौद्यात जुन्या ताडपत्रीच्या घड्या घालून गादी केली, वरून आच्छादन बांधलं आणि हमालाला बजावलं, "काखेत हात घालून ओढू नको. बसलेल्या माणसाला पाठीवर घ्यायचं, आणि तू गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही." मग तिने अण्णांना पुन्हा फोन केला.

"कुठे जाऊ मी?" अण्णा म्हणाले. "भाचीकडे? दोन खोल्या आणि पाच माणसं. मी तिथे गेलो की कुणाला तरी जमिनीवर झोपावं लागेल. कुणी बोलणार नाही तोंडाने. पण मला समजेल."

ते कसं समजतं हे तिला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

"समजू दे," ती म्हणाली. "पहाटे लवकर उठायचं. सगळ्यांच्या आधी न्हाणीघर उरकायचं. जमतं."

"तुम्ही येताय का गाडीबरोबर?"

"मला शिवायचंय."

"हो," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे."

मग ती शिवायला बसली. त्या दुपारी तिने जे टाके घातले तसे तिने आयुष्यात घातले नव्हते, आणि त्यांत घाई नव्हती. घाईचा टाका ढिला बसतो. एक, ओढ, आवळ. दुसरा, ओढ, आवळ. बाहेर आभाळ शिशासारखं झालं. वाऱ्याने दिशा धरली. चामड्याखाली तळवा फुटला तेव्हा तिने हात बदलला नाही, चामडं घट्ट केलं.

टोकावरून येणारा रस्ता कारखान्याच्या दारावरून पुढे भाचीच्या गावाला जायचा. तिने टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं की दारात थोडा थांब. शेवटचा कोपरा होत आला तेव्हा लांबून हॉर्न आला. ती दाभण हातात धरूनच दारात गेली. रस्त्यावरून पत्रे, फांद्या उडत होत्या. टेम्पो वेगात आला. टेम्पोवाल्याने खिडकीतून हात हलवून 'थांबत नाही' अशी खूण केली, आणि तो बरोबरच होता, अंधाराआधी परत येऊन त्याला गोदाम गाठायचं होतं. मागचं आच्छादन घट्ट बांधलेलं होतं. कुठेही फट नव्हती. बांधणी तिचीच होती. आतला माणूस दिसला नाही. आतून त्यालाही बाहेरचं काही दिसलं नसणार.

टेम्पो भाचीच्या दारात अण्णांना उतरवून परत आला, मोठी ताडपत्री गोदामाला गेली, आणि अंधार पडता पडता वादळ आलं. काटा तिने कधी पाहिला नव्हता इतका खाली गेला. गोदामाचे कोपरे धरून राहिले. भावाच्या घराचे दोन पत्रे उडाले. मनोरा उभा राहिला, पण त्याच्या खालच्या खोलीत समुद्र छातीएवढा चढला आणि जाताना दार, खाट, भिंतीवरचं बॅरोमीटर सगळं घेऊन गेला. हे टाकीवाल्याने स्वतः जाऊन पाहिलं आणि फोनवर सांगितलं. सांगताना त्याने एकही थट्टा केली नाही.

त्या फोनवर अण्णाही होते. मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी मुलाला रागवत होतं.

"अण्णा, बोला," कंपाउंडर म्हणाला.

"काय बोलू? माझ्याकडे आकडा नाही."

"नसू दे. वारा सांगा."

"माझ्या खाटेवरून खिडकी दिसत नाही."

इतक्या वर्षांत आकड्याशिवाय बोलायची सवय कुणालाच लागली नव्हती. तीनचार दिवस अण्णा फोनवर येत राहिले, ऐकत राहिले, आणि मग यायचे थांबले. एकदा तिने दुपारी स्वतःहून फोन लावला. भाचीने उचलला.

"मामा झोपलेत. कोण बोलतंय?"

"दाभणबाई."

"कोण बाई?"

खरं नाव सांगून उपयोग नव्हता, ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं. "राहू दे. उद्या करते," ती म्हणाली आणि आत येऊन मशीनवर बसली.

पगाराच्या दिवशी मालकाने तिला नावाने हाक मारली. वादळाच्या दिवसांतली वाढीव मजुरी, कमी केलेली सुट्टी, फुटलेला तळवा, सगळं मिळून, टेम्पोचं भाडं कापल्यावर, त्या पाकिटात फारसं काही उरलं नव्हतं. बाकीच्या बायका आपापसांत बोलत होत्या. एकीने छपरासाठी पत्रे घेतले, एकीने मुलीला सायकल. तिला कुणी विचारलं, "दाभणबाई, तुम्ही काय केलंत एवढ्या मजुरीचं?"

त्या मजुरीची एक फेरी झाली होती. जाताना रिकामा टेम्पो, येताना एक माणूस.